गाळ्यात मावेल एवढा ट्रॅक्टर

निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागेत दोन ओळींमधला गाळा आठ-नऊ फुटांचा असतो. दोन्ही अंगांनी काड्या आलेल्या, वर तारा, बुडाशी ठिबकच्या नळ्या. तेवढ्यातून औषधाचा ब्लोअर ओढत जायचं, काडी मोडू द्यायची नाही आणि बांधाजवळ जेमतेम उरलेल्या जागेत वळून पुढच्या गाळ्यात शिरायचं. या भागात हे काम वर्षानुवर्षं ज्या ट्रॅक्टरांनी केलं, त्यांतले बरेच आज पंचवीस-तीस वर्षांचे झाले आहेत. स्वराज 724, मॅसी 1035, एका सिलिंडरचं आयशर, साडेअठरा हॉर्सपॉवरची मित्सुबिशी शक्ती. यांतल्या काहींच्या नव्या आवृत्त्या शोरूममध्ये मिळतात, पण बागेतले जुनेही थांबलेले नाहीत.

ते चालते ठेवणाऱ्यांपैकी एका मिस्त्रींचा हा अनुभव. पत्र्याची शेड, मागे इंजिन उचलायची चेन-कप्पी, भिंतीला टांगलेले पाने आणि दारात कायम दोन-तीन उघडलेले ट्रॅक्टर. 1980 च्या दशकात शाळा सुटली तेव्हा ते नाशिकच्या एका गॅरेजात हेल्पर म्हणून लागले, मग गावाकडे येऊन स्वतःचं काम सुरू केलं. घरची जमीन थोडी, त्यामुळे ट्रॅक्टर दुरुस्त करणारा आणि ट्रॅक्टरची वाट बघणारा, या दोन्ही बाजू त्यांनी पाहिल्या आहेत. थोडी जमीन असलेल्याला ताकद कमी पडत नाही, वेळ कमी पडतो, असं ते गिऱ्हाइकाला सांगतात. ज्या सकाळी वाफसा येतो त्या सकाळी यंत्र दारात पाहिजे. दुसऱ्याच्या रांगेतला पन्नास हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर तिसऱ्या दिवशी येऊन काय करणार?

आकडे त्यांच्या बाजूनं बोलतात. 1970-71 च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातल्या एका खातेदाराकडे सरासरी 4.28 हेक्टर जमीन होती, म्हणजे साडेदहा एकर. 2015-16 च्या गणनेत ती 1.34 हेक्टरवर आली, सव्वातीन एकरांच्या थोडी वर. या दोन आकड्यांच्या मधली प्रत्येक वाटणी कुठल्यातरी बांधावर झालेली आहे. मिस्त्रींच्या शेडमध्ये ती ट्रॅक्टरच्या रूपानं येते. एका घरातल्या भावांची वाटणी झाली, तेव्हा सामाईक मोठा ट्रॅक्टर कोणाकडे राहायचा यावर आठवडे गेले. एकानं ठेवून दुसऱ्याला भाडं आकारायचं, तर पहिल्या पावसानंतर दोघांना एकाच दिवशी तो लागणार. शेवटी मोठा विकला आणि आलेल्या पैशांत दोघांनी एकेक जुना लहान ट्रॅक्टर घेतला. वडील त्या व्यवहारावर नाराज होते, दारातला मोठा ट्रॅक्टर ही त्यांच्या उभ्या आयुष्याची कमाई होती. पण पुढच्या खरिपात दोन्ही भावांची पेरणी एकाच वाफशावर झाली, आणि बांधावरचं बोलणंही पुन्हा सुरू झालं.

गॅरेजात उमेदवारी करताना मिस्त्री यंत्रांचा इतिहास इंजिन उघडूनच शिकले. उस्ताद एकेक भाग हातात देत आणि तो कुठून आला ते सांगत. स्वराज 724 चा आराखडा दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेत तयार झाला. तो 1974 मध्ये पंजाब ट्रॅक्टर्सनं बाजारात आणला, परदेशी कंपनीशी तंत्रज्ञानाचा करार न करता. ताकद 26.5 हॉर्सपॉवर आणि पुढे बसवलेलं दोन सिलिंडरचं इंजिन किर्लोस्करांचं. विहिरीवरच्या किर्लोस्कर इंजिनावर हात बसलेल्या माणसाला ते परकं वाटायचं कारण नव्हतं. आयशर 1959 मध्ये जर्मन सहकार्यानं फरिदाबादला बनू लागलं. महिंद्रांनी 1963 मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरला बरोबर घेऊन मुंबईत कांदिवलीला बी-275 चा कारखाना उभा केला. एचएमटीनं 1971 मध्ये हरियाणातल्या पिंजोरला झेटरचं 25 हॉर्सपॉवरचं मॉडेल बनवायला घेतलं. म्हणजे देशात ट्रॅक्टर रुजला तोच पंचवीस ते पस्तीस हॉर्सपॉवरचा. त्या काळच्या आपल्या शेतीला तेवढं पुरत होतं, आणि जमिनीचे तुकडे होत गेल्यावर तेवढंच पुन्हा पुरू लागलं.

मॅसी 1035 चं मूळ याहून लांब जातं. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या हॅरी फर्ग्युसन यांनी ट्रॅक्टरला अवजार तीन ठिकाणी जोडण्याची पद्धत सिद्ध केली. खाली दोन दांडे, वर एक टॉप लिंक आणि उचलायला हायड्रोलिक. त्यांचा लहान राखाडी ट्रॅक्टर, टीई-20, इंग्लंडमध्ये कोव्हेंट्रीला 1946 ते 1956 या काळात पाच लाखांहून जास्त संख्येनं बनला. एडमंड हिलरी 4 जानेवारी 1958 रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले ते याच ट्रॅक्टरांना पट्टे चढवून. त्याच घराण्यातलं मॅसी फर्ग्युसन 35 चेन्नईच्या टॅफेकडे आलं आणि आपल्याकडे 1035 म्हणून रुळलं.

ही जोडणी मिस्त्रींना फार मोलाची वाटते, कारण ट्रॅक्टर लहान असूनही काम का ओढतो ते तिच्यातच दडलेलं आहे. नांगर जमिनीत अडतो तेव्हा तो वरच्या टॉप लिंकवर दाब देतो. हायड्रोलिकला तो दाब कळतो, ती नांगर किंचित वर घेते, आणि अवजाराचं व मातीचं वजन मागच्या चाकांवर येतं. चाकं जमीन धरतात. नुसत्या लोखंडाच्या वजनावर पकड मिळवायची तर ट्रॅक्टर जड करावा लागतो, आणि जड ट्रॅक्टर काळ्या मातीला दाबून टाकतो. द्राक्षाची पांढरी मुळी वरच्या थरात असते. ती दबलेल्या मातीत गुदमरते, मग खताचे हप्ते वाढवूनही वेल उठत नाही. बागायतदार ट्रॅक्टरबद्दल विचारायला आले की मिस्त्री आधी त्यांच्या मातीबद्दल विचारतात. कितीतरी शेडांमध्ये ही सोय चालवणारा ड्राफ्टचा दांडा वर्षानुवर्षं हललेला नसतो. शेतकऱ्याला तो कशासाठी आहे हे कोणी सांगितलेलंच नसतं. एकदा शेतात उभं राहून, दांडा खाली-वर करत, नांगर आपोआप कसा सावरतो ते दाखवलं, की समजवायला दुसरं काही लागत नाही.

बागेसाठी आणखी दोन-चार बदल करावे लागतात. मांडवाखाली जायचं तर उभा सायलेन्सर काढून आडवा, खालून बाहेर घ्यावा लागतो, नाहीतर वरची पानं करपतात. मागच्या चाकांच्या डिश उलटसुलट बसवून दोन चाकांमधलं अंतर टप्प्याटप्प्यानं कमी-जास्त करता येतं. जुन्या ट्रॅक्टरांत ही सोय कारखान्यातूनच आलेली असते, ती वापरली मात्र जात नाही. मडगार्डाचे बाहेर आलेले कोपरे कापून गोल करतात, म्हणजे काडी अडकत नाही.

2019 च्या दिवाळीतला पाऊस या भागातल्या कोणालाही विसरता येणार नाही. अरबी समुद्रात आधी क्यार आणि पाठोपाठ महा ही चक्रीवादळं आली आणि ऑक्टोबरचा शेवट व नोव्हेंबरची सुरुवात पाण्यात गेली. गोडी छाटणी झालेल्या बागा तेव्हा नाजूक अवस्थेत होत्या. कुठे पोंगा, कुठे फुलोरा. पानं ओली राहिली की डाऊनीचा रोग काही तासांत हातपाय पसरतो. अशा वेळी दोन सरींच्या मधल्या उघडिपीत फवारणी झाली तर बाग हाताला लागते. सरसकट सगळ्यांच्या बागा औषधानं वाचल्या असं कोणी म्हणू नये, फुलोऱ्यातल्या बागांची गळ आणि घडकूज फवारणी करूनही थांबली नाही. पण मिस्त्रींनी त्या दिवसांत जे पाहिलं, त्यानं त्यांचं मत पक्कं झालं.

गाळ्यांत चिखल होता. भाड्यानं फवारणी करून देणारे मोठे ट्रॅक्टर चाकोऱ्यांत रुतत होते, एक बाहेर काढायला दुसरा लावावा लागत होता, आणि त्यांच्यामागे वाट बघणाऱ्या बागांची यादी लांबत होती. ज्यांच्याकडे स्वतःची मित्सुबिशी किंवा जुनं 724 होतं ते टाकी अर्धीच भरून, वजन कमी ठेवून, पहाटे बागेत शिरले. अर्धी टाकी म्हणजे दुप्पट फेऱ्या. तरी त्या फेऱ्या त्याच दिवशी झाल्या. शेडमध्ये त्या आठवड्यात ज्या तक्रारी आल्या त्या सगळ्या बारीक होत्या. पंख्याचा पट्टा तुटला, क्लच ओला होऊन घसरतोय, डिझेलमध्ये पाणी गेलं. मिस्त्री आणि त्यांचा मुलगा मोटारसायकलवर पेटी बांधून बागेतच जाऊन काम करत होते, ट्रॅक्टर शेडपर्यंत आणण्यात अर्धा दिवस गेला असता. जुन्या यंत्राचा हा गुण त्यांना त्या आठवड्यात पुरता उमगला. बिघाड झाला तरी तो बांधावर, दोन-चार पान्यांनी, टॉर्चच्या उजेडात निघतो.

त्यानंतर त्यांनी एक काम मनावर घेतलं. ट्रॅक्टर दुरुस्त करून देताना मालकाला शेजारी उभं करून शिकवायचं. आजूबाजूच्या मिस्त्रींना ते पटलं नाही, सगळेच शिकले तर धंदा कसा चालणार, असं त्यांचं म्हणणं होतं. यांचं उत्तर सरळ होतं. शेतकऱ्यानं फिल्टर वेळेवर बदलला तर इंजिन टिकेल, आणि इंजिन टिकलं तर तो हा ट्रॅक्टर ठेवील. विकून टाकला तर दुरुस्तीला येणारच नाही.

सगळ्यात आधी शिकवतात ते डिझेलमधली हवा काढायला. टाकी पूर्ण रिकामी झाली किंवा फिल्टर बदलला, की लाइनमध्ये हवा शिरते आणि इंजिन सेल्फवर नुसतं गुरगुरतं. बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारत बसणारे रोज भेटतात. खरं काम पाच मिनिटांचं आहे. फिल्टरवरचा ब्लीडिंगचा स्क्रू सैल करायचा, फीड पंपाचा छोटा हातपंप दाबत राहायचं, आधी फेस येतो, मग फेसाशिवाय सलग डिझेल येतं, तेव्हा पंप दाबत असतानाच स्क्रू आवळायचा. मग गरज पडली तर नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट सैल करून थोडा सेल्फ मारायचा आणि डिझेल आलं की ते आवळायचे. नोझलची तक्रार असेल तर नाशिक जिल्ह्यात ती अडत नाही. पूर्वी मायकोचा असलेला, आता बॉश नावानं चालणारा कारखाना नाशिकमध्येच आहे आणि त्या कामात हात बसलेले कारागीर शहरात भरपूर आहेत.

दुसरा धडा हवेच्या फिल्टरचा. जुन्या ट्रॅक्टरांत तो ऑइल बाथ पद्धतीचा असतो. खालच्या वाटीत तेल, त्यातून जाताना हवेतली धूळ तेलात बसते. उन्हाळ्यात रोटाव्हेटर मारताना ती वाटी दोन-चार दिवसांत गाळानं भरते. मग धूळ सिलिंडरमध्ये जाते, लायनर आणि रिंगा घासतात, आणि मालक म्हणतो ट्रॅक्टर जुना झाला म्हणून धूर मारतो. कितीतरी इंजिनं या एका वाटीपायी उघडावी लागली आहेत. वाटी धुऊन नवं तेल घालायला लागतं काय? थोडा वेळ आणि थोडंसं तेल.

हे शिकणाऱ्यांत एक ताई होत्या. नवरा नोकरीला बाहेरगावी, बाग अडीच-तीन एकरांची, फवारणीला दरवेळी चुलत दिरांची विनवणी. त्यांनी जुनी मित्सुबिशी घेतली तेव्हा गावात बरीच चर्चा झाली. क्लच हलका, सीट खाली, वळायला सोपी. आठवडाभर त्या मोकळ्या रानात वळणं घेत राहिल्या, मग बागेत शिरल्या. "मिस्त्री, मला कोणाच्या दारात उभं राहायचं नाही, एवढंच हवंय," असं त्या पहिल्या दिवशी बोलल्या होत्या. आता औषधाचं वेळापत्रक त्यांच्या हातात आहे. शेजारच्या दोन बागांची फवारणीही त्या करून देतात आणि त्या पैशांतून डिझेल-सर्व्हिसिंगचा खर्च निघतो. या भागातल्या बागांमध्ये छाटणीपासून डिपिंगपर्यंत राबणाऱ्यांत बायकांची संख्या मोठी आहे. यंत्राचं चाक मात्र क्वचितच त्यांच्या हाती येतं. लहान ट्रॅक्टरनं ते थोडं तरी बदलावं, असं मिस्त्रींना मनापासून वाटतं.

सगळ्या कामांना लहान जुना ट्रॅक्टर चालतो असं ते कधी सांगत नाहीत. भारी काळ्या रानात खोल नांगरट करायची असेल तर पंचेचाळीस-पन्नासचा मोठा ट्रॅक्टर वर्षातून एकदा भाड्यानं बोलवावा, त्यात कमीपणा नाही. उसाची भरलेली ट्रॉली 724 ला लावणाऱ्यांना ते हात जोडतात. चढावर पुढची चाकं उचलतात, उतारावर ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते, आणि जुने ब्रेक एवढं वजन रोखू शकत नाहीत. रस्त्यावर जाताना दोन्ही ब्रेकची पेडलं खिट्टीनं जोडून घ्यावीत, ही साधी गोष्टही पाळली जात नाही. शेतात एकच चाक रोखून वळायची सवय लागलेला पाय डांबरी रस्त्यावर वेगात एकाच ब्रेकवर पडला, तर ट्रॅक्टर जागेवर फिरून उलटतो. या जुन्या ट्रॅक्टरांना उलटल्यावर माणसाला वाचवणारी चौकट नसते.

सुट्या भागांचाही हिशेब करावा लागतो. मॅसी आणि स्वराजचे भाग तालुक्याच्या दुकानात मिळतात. एचएमटीचं तसं नाही. केंद्र सरकारनं 2016 मध्ये एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. ट्रॅक्टर मजबूत, ओढायला दमदार, पण गिअर किंवा पंपाचा भाग लागला की भंगारवाल्यांकडे शोधत फिरावं लागतं. स्वस्त मिळतोय म्हणून घेणाऱ्याला मिस्त्री ही बाजू आधी सांगतात आणि मग निर्णय त्याच्यावर सोडतात.

एका गोष्टीत ते कोणाचं ऐकत नाहीत. पीटीओच्या, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या, शाफ्टवर झाकण असल्याशिवाय ट्रॅक्टर शेडबाहेर जात नाही. तो शाफ्ट मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. साडीचा पदर, उपरणं, सदऱ्याची बाही, काहीही त्यात गुंतलं तर माणसाला हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. पंचक्रोशीत ज्या घरात असा अपघात घडला, तिथं ते स्वतः गेले होते. त्या घराबद्दल ते जास्त बोलत नाहीत. तेव्हापासून जाड पत्रा वाकवून झाकण करून देतात, पैसे दिले तर घेतात, नाहीतर तसंच बसवतात. काही जण "ग्रीस मारायला अडचण होते" म्हणून घरी गेल्यावर ते काढून ठेवतात. मग मिस्त्रींनी झाकणाला बिजागरी लावली, ग्रीससाठी उघडतं आणि पुन्हा बसतं. ती जोडणी आता आसपासच्या वेल्डरनीही उचलली आहे.

जुना ट्रॅक्टर घ्यायला निघालेले लोक त्यांना सोबत नेतात. पहाटे जायचं, विकणाऱ्याला न कळवता, आणि पोहोचल्याबरोबर इंजिनवर हात ठेवायचा. गरम लागलं तर तो आधीच चालू करून ठेवलेला आहे, थंड असताना सुरू होतो का ते कळणार नाही, दुसऱ्या दिवशी परत यायचं. सुरू झाल्यावर ऑइल भरायचं झाकण काढून बघायचं. तिथून धूर जोरानं येत असेल तर रिंगा गेल्या आहेत आणि पूर्ण ओव्हरहॉलचा खर्च किमतीतून वजा करून बोलायचं. अवजार उचलून इंजिन बंद करायचं आणि चहा घेऊन यायचं. तोवर ते खाली बसलं असेल तर लिफ्टमध्ये गळती आहे. पुढची चाकं हातानं हलवून किंगपिनचा खेळ बघायचा. नव्या रंगाला भुलायचं नाही. रंगाखाली वेल्डिंगचे सांधे कुठे आहेत ते बोट फिरवून शोधायचं, विशेषतः पुढच्या एक्सलवर आणि गिअरबॉक्सच्या घरावर.

आणि कागद. पंधरा वर्षांनंतर आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, ते पाच-पाच वर्षांसाठी मिळतं. बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांचं ते राहून गेलेलं असतं. पुस्तकावरचा मालक वारलेला, वारसांची सही नाही, बँकेचा बोजा उतरवलेला नाही, असे व्यवहार चहाच्या टपरीवर नोटा मोजून होतात आणि पुढे विमा किंवा अपघाताचा प्रश्न आला की अडकतात. गेल्या हंगामात एका तरुणानं सगळ्या तपासण्यांत उत्तम निघालेलं 724 कागदांअभावी सोडून दिलं. त्याला ते फार आवडलं होतं. मिस्त्रींनी मूळ मालकाच्या घरी जाऊन वारसांना एकत्र बसवलं, बँकेचा दाखला आणायला लावला, आणि पुढच्या छाटणीच्या आत ते 724 त्याच तरुणाच्या नावावर झालं. सायलेन्सर आडवा करून आणि झाकणाची बिजागरी बसवून ते आता त्याच्या बागेत चालतं.